पाचवा ठोका

डॉक्टरांनी स्वतःचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर आपटून दाखवलं आणि म्हणाले, काका, असं करा, जितकं भरभर जमेल तितकं. आबांनी उजवा हात समोर धरला. बाही कोपराकडे सरकली आणि मनगटावरचं हिरवं गोंदण उघडं पडलं. बोट अंगठ्यावर आपटायला लागलं आणि त्यांची मुलगी रेणुका मोजायला लागली. मोजायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. बी. एस्सी. झाल्यापासूनची चार वर्षं ढोल वाजवणारी यंत्रं जुळवण्यात गेली होती, त्यामुळे कुठलाही ठोका कानावर पडला किंवा नुसता डोळ्यांना दिसला, तरी तिच्या डोक्यात आकडे आपोआप सुरू व्हायचे. जालन्यातल्या तिच्या भाड्याच्या खोलीत घरमालकीणबाई भिंतीपलीकडे भाकरी थापायच्या, तर ही अलीकडे त्यांच्या थापांमधलं अंतर मोजत बसायची. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला बोट खाली येता येता अंगठ्याच्या जरा वर थबकलं, उंबरठ्याशी आलेल्या माणसानं आत जावं की नाही म्हणून थबकावं तसं, आणि मग आपटलं. पुढचे दोन सरळ, पुन्हा तसंच थबकणं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आबांनी हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर डावा हात ठेवून दिला. खुर्चीच्या प्लास्टिकचा काठ आपल्या तळव्यांना रुततोय एवढंच रेणुकाला काही वेळ जाणवत राहिलं. ते थबकणं तिच्या ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतः ते मोजलं होतं, वहीत लिहिलं होतं, त्याच्याखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं घाई केली नाही. हात कधीपासून जड वाटतो असं विचारलं तेव्हा आबांनी उन्हाळ्यापासून म्हणून सांगितलं, आणि डॉक्टर म्हणाला की तुम्हाला उन्हाळ्यात कळलं, पण हा आजार दिसायच्या आधी चार-चार, पाच-पाच वर्षं आत वस्तीला असतो. गोळ्यांनी आराम पडेल, आजार जाणार नाही, हात हळूहळू आणखी मंद होत जाईल. हे त्यानं रेणुकाकडे बघून सांगितलं. मग काम काय करता म्हणून विचारलं. आबांनी मेंढरं सांगितली, तीन एकर सोयाबीन सांगितलं, आणि शेवटी, सांगू की नको अशा आवाजात, बिरोबापुढं ढोल वाजवत होतो हेही सांगितलं. डॉक्टर खूश झाला. वाजवत राहा, म्हणाला, चांगला व्यायाम आहे. तेव्हा आबा हसले. हसताना चेहरा पूर्वीसारखा हलत नाही, हे रेणुकाच्या पहिल्यांदा लक्षात आलं. "आता मशीन वाजवती," ते म्हणाले. "हिनंच बनवली. माहा हात हाय तिच्यात, जशाचा तसा." डॉक्टरांनी कौतुकानं मान हलवली. रेणुका त्यांच्यामागच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरवर तारखा वाचत बसली.

स्कूटीवर आबा तिच्या मागं बसले आणि उजवा हात त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला. हात थरथरत होता. स्कूटीचं इंजिन आणि रस्त्याचे खड्डे यांच्यातून ती थरथर वेगळी ओळखू येत होती, सेकंदाला साधारण पाच. रेणुकाला आकडा नको होता, पण आकडा आला. लहानपणी हाच हात तिला किती लांब वाटायचा. बिरोबाच्या ठाण्यासमोर बायका बसायच्या त्या दगडी ओट्यापासून ढोल तीसेक पावलांवर असायचा, आणि त्याच्या अलीकडे बायकांनी यायचं नाही. ढोलाला बाईमाणसाचा हात लागायचा नाही, विटाळतो. कुणी रागावून सांगितलेलं तिला आठवत नव्हतं. विहिरीच्या काठाशी जाऊ नये हे जसं न सांगता कळतं तसंच हे कळलेलं होतं. ती ओट्यावर बसायची आणि ढोल तिला कानांआधी पोटात ऐकू यायचा. सात ठोक्यांचं आवर्तन. पहिले चार काठीच्या टोकानं कडेवर, पाचवा काठी उलटी फिरवून तिच्या जाड बुडानं मधोमध, आणि मग डाव्या पंजाचे दोन. काठी फिरायची ती दिसायचीसुद्धा नाही. सुग्रीवला, तिच्या भावाला, आबांनी दोन पावसाळे शिकवून पाहिलं. त्याच्या हाताला काठी फिरवणं जमेना आणि त्याला त्याचं काही वाटेना. पुढं तो एमआयडीसीत रोलिंग मिलला लागला, आणि तिथल्या गडगडाटानं आता त्याच्याशी बोलायचं तर दोनदा बोलावं लागतं. जिला शिकायचं होतं ती तीस पावलांवर बसलेली होती. शिकव, असं ती कधी म्हणाली नाही. म्हणाली असती तर आबा काय म्हणाले असते, हे तिनं वीस वर्षं मनात अनेक तऱ्हांनी ऐकून पाहिलं होतं.

म्हणून तिनं मोजलं. शिकता येत नाही ते मोजता येतं, असं तिला कॉलेजात वाटायला लागलं होतं, आणि त्या वाटण्यात एक सुडाचा आनंदही होता. अण्णासाहेबांच्या शेडमध्ये नोकरी लागली तेव्हा तिथं देवळांसाठी नगारा आणि घंटा वाजवणारी यंत्रं बनायची. एक मोटर, तिच्यावर फिरणारा दांडा, दांड्याला हातोड्या. सगळ्या देवळांत एकच धडधड. रेणुकानं मोटर काढून टाकली आणि प्रत्येक हातोडीमागं वेगळं सोलेनॉइड बसवलं, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात सरकणारा लोखंडी दांडा. वीज मिळाली की तो झेप घेतो, तुटली की मागं येतो. कुठल्या क्षणी झेप घ्यायची ते एक चिप सांगते. आता ठोके कुणाच्याही हातासारखे पाडता येणार होते. कुणाच्या हातासारखे, हा प्रश्नच नव्हता. वस्तीतली वाजवणारी माणसं शिफ्टला जायला लागली होती, आबांबरोबर झांज धरणारे देवानंदकाका कोरोनात गेले होते, आणि संध्याकाळी ठाण्यापुढं आबा एकटेच उभे राहायचे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ती लॅपटॉप आणि टिकलीएवढे सहा सेन्सर घेऊन वाटूरला उतरली, आबांना विचारायला शब्द जुळवत वस्तीपर्यंत चालत गेली, आणि आबा लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की तिचे जुळवलेले शब्द वाया गेले. सेन्सर ढोलाच्या कातड्याला चिकटवायचे होते. ती ओट्याजवळ उभी राहून बोटानं जागा दाखवत होती, जरा वर, जरा डावीकडं, आणि आबा चिकटपट्टी दातांनी तोडून एकेक सेन्सर लावत होते. तीस पावलांच्या वायरी तिनं आधीच जोडून आणल्या होत्या.

त्या दुपारी आबांनी एक्केचाळीस मिनिटं वाजवलं. ओट्यावर मांडी घालून बसलेल्या रेणुकाला मध्येच एकदा असं वाटलं की जिना उतरताना एक पायरी कमी भरावी तसं काहीतरी झालं. पोटात वाटलं. पण पोटावर तिचा विश्वास नव्हता. पडद्यावर रेघा उमटत होत्या आणि त्या रेघांवर होता. खोलीवर परत आल्यावर तिनं आठ दिवस त्या रेघा मोजल्या, आणि आठव्या दिवशी तिला ते दिसलं. सहा ठोके घड्याळासारखे जागच्या जागी पडत होते आणि पाचवा प्रत्येक आवर्तनात उशिरा येत होता. सरासरी त्रेसष्ट मिलिसेकंद. पापणी मिटायला लागतो त्याच्या निम्मा वेळ. आधी तिनं स्वतःवर संशय घेतला. सेन्सरमुळे उशीर होतोय का, वायरीमुळे, लॅपटॉपमुळे, एकेक करून सगळं तपासलं आणि बाद केलं. उरला तो आबांचा हात. तिला आनंदानं रडू आलं होतं. म्हणजे हे आहे ते, तिला वाटलं, वीस वर्षं तीस पावलांवरून जे पोटात येत होतं ते हेच. सगळे ज्याला त्रिंबकचा, म्हणजे आबांचा, हात म्हणतात तो म्हणजे हा एवढासा उशीर, आणि तो सुग्रीवला सापडला नाही, मला सापडला. तिनं तो चिपमध्ये घातला. शेडमध्ये पहिल्यांदा वाजवला तेव्हा अण्णासाहेबांनी हातातला सोल्डरिंगचा पेन खाली ठेवला आणि म्हणाले, बेटा, हे जित्तं वाजतंय. यंत्र ठाण्यात बसवलं त्या दिवशी अख्खी वस्ती आली होती, आणि माय, साखराबाई, ओट्यावर पदराआड रडली होती. रेणुकाला ते रडणं पुढं कितीतरी दिवस पुरलं.

आबांना खोलीवर सोडून, पेज करून देऊन, झोपा म्हणून सांगून ती दुपारी शेडवर गेली. फाइल उघडायला तिला अर्धा तास लागला. फाइल समोरच होती. मग तिनं दोन वर्षांपूर्वी केलेलं नव्हतं ते केलं, सरासरी काढून टाकली आणि एकेक आवर्तन ओळीनं मांडलं. पहिल्या मिनिटाला पाचवा ठोका अठ्ठेचाळीस मिलिसेकंद उशिरा होता. दहाव्याला चोपन्न. शेवटी शेवटी अठ्ठ्याहत्तर. ठिपके एका तिरक्या रेषेत वर चढत गेले होते, अगदी सरळ, एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत असावेत तसे. हात दमत चालला होता आणि दमत चाललेला दिसत होता. तिनं तेव्हा याला विखुरणं म्हटलं होतं, माणसाच्या हातात थोडं मागंपुढं असतंच असं म्हटलं होतं, आणि सगळ्याची बेरीज करून भागाकार केला होता. भागाकार केला की काळ निघून जातो. एवढी साधी गोष्ट. आता ती रेषा मागं वाढवून बघावी असं तिला वाटलं. पण मागं कुठवर? त्या अठ्ठेचाळीसमध्ये आजार किती होता आणि आबा किती होते? उशीर मुळात होताच नाही असंही असेल. किंवा दहा असेल, वीस असेल, पंचवीस वर्षं काठी फिरवताना हातानं स्वतः ठरवलेला, आणि त्याच्यावर आजारानं आपला उशीर आणून ठेवला असेल. बेरीज हातात होती. एक समीकरण आणि दोन अज्ञात. अकरावीतलं पोरही सांगेल की हे सुटत नाही. मोबाइलमध्ये जुनं काही सापडतं का म्हणून तिनं सगळ्या नातेवाइकांना मेसेज टाकले. सुग्रीवच्या लग्नाचा एक व्हिडिओ आला, त्यात आबा ढोल बांधून उभे होते, आजच्याहून तरणे, मान ताठ, काठी फिरताना दिसत नव्हती आणि आवाज सगळा डीजेचा होता. दुसरा आला तो ह्याच दसऱ्याचा. ठाण्यापुढं पोरं यंत्राच्या ढोलावर गोल धरून नाचत होती, आणि पाचव्या ठोक्याला सगळी मिळून पाय किंचित अधांतरी धरत होती, एकसारखी, सुंदर. आबांच्या काळात कुणी पाय असा धरत नव्हतं. हे मात्र तिला बराबर आठवत होतं, किंवा बराबर आठवतंय असं वाटत होतं.

अण्णासाहेबांना तिनं सांगितलं. ते पूर्वी आयटीआयमध्ये शिकवायचे, ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. यंत्रावर तीन बटणं होती, आरती, भजन आणि त्रिंबक, आणि परतूर, मंठा, अंबडपर्यंत चौतीस देवळांतून ते तिसरं बटण रोज दाबलं जात होतं. त्या सगळ्या चिप परत मागवायच्या, असं ती म्हणाली. अण्णासाहेबांनी कुणी तक्रार केली का विचारलं. कुणीच केली नव्हती. उलट नवीन मागण्या त्या तिसऱ्या बटणासाठी येत होत्या. मग काय घालणार तिथं, त्यांनी विचारलं. ते बराच वेळ एका वेटोळ्याला तार गुंडाळत बसले. "माझ्या बापानं छप्पन साली हलगी विहिरीत टाकली," मग ते म्हणाले. "वाजवता वाजवता मान खाली घालावी लागायची म्हणून. कशी वाजवायचे, मला नाही माहीत. मी विचारलंच नाही कधी. आपली मशीन मान खाली घालत नाही, ते मला बस आहे. तुला तिच्यात माणूस पाहिजे होता बेटा. ते माझ्यानं नसतं झालं." त्यांच्या बोलण्यात टोचणं नव्हतं. तेच तिला सहन झालं नाही. त्यांच्या वडिलांनी आपल्या हातानं, कळून, भर दिवसा टाकली होती. आपण काय केलं? आपण ती विहिरीत पडताना बघितली, तिच्या पडण्याचा वेग मोजला आणि तोच ठेका म्हणून चौतीस गावांना वाटला. शेडबाहेर बियाण्याच्या कारखान्याचा टेम्पो मागं येत होता आणि त्याचा भोंगा एकसारख्या अंतरानं वाजत होता. ती अंतरं बिनचूक होती.

रविवारी सकाळी तिनं चाचणीची छोटी चौकट भाड्याच्या टेम्पोत टाकली, आबांना शेजारी बसवलं आणि वस्तीवर आली. चौकटीत बाजारातला प्लास्टिकच्या पडद्याचा ढोल होता, त्याला कुणाच्याही हाताचा विटाळ नव्हता. पाचव्या ठोक्याचा उशीर कमी-जास्त करायला तिनं एक नॉब बसवला होता आणि त्याच्याभोवती शून्य ते ऐंशी असे आकडे लिहिले होते. अख्ख्या प्रवासात तिला एकच गोष्ट हवी होती: आबांच्या कानांनी सांगावं की कुठला. हात गेला असेल, कान तर शाबूत आहेत. हात जे विसरला ते कानांना आठवत असेल. आकड्यांनी सुटत नाही ते माणसानं सुटेल, असा विचार करताना आपण अगदी उलट्या टोकाला येऊन पोचलोय हे तिला कळत होतं, पण दुसरं टोक उरलं नव्हतं. माय चुलीपाशी होती. रेणुकानं तिला डॉक्टरांचं सांगितलं, गोळ्यांच्या वेळा सांगितल्या, आणि मग यंत्राचं सांगितलं, की माय, मी आबांचा आजारच त्याच्यात घालून ठेवला, मला कळलं नाही. साखराबाईनं परातीतलं पीठ मळणं थांबवलं नाही. म्हणाली, "मला वाटलं तुला ठाव हाय. पोरीनं बापाचा हात हाय तसा ठिवला, थकलेला तर थकलेला, म्हनून मी रडले व्हते त्या दिशी." रेणुकानं विचारलं, तुला कसं कळलं होतं? तर ती म्हणाली, पोरी, रातच्याला कूस बदलायला त्यांना हात धरावा लागायचा तवापसून. मग आधीचा कसा होता, पाचवा कसा पडायचा, आठवतो का? साखराबाईनं जरा विचार केला. तिनं खरंच विचार केला, हे तिच्या कपाळावरून दिसत होतं. ढोल वाजायचा तेव्हा आम्ही इथं शंभर माणसांचं रांधत असायचो, ती म्हणाली, भिंतीतून यायचा तेवढा यायचा.

आबा छपरात बाजेवर बसले होते. दुपार चढली होती आणि पत्रा तापून मधूनमधून कडकड करत होता. रेणुका चौकट समोर ठेवून जमिनीवर बसली, आणि वायरी जोडता जोडता, मान वर न करता तिनं विचारलं, "आबा, तुम्ही वाजवलं त्या दिवाळीत, तवाच हात जड झालता का?"

आबांनी चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "झालता की. काठी फिरंना गेल्ती."

"मंग मला सांगितलं का न्हाई?"

"म्या म्हनलं, तुही मशीन हाय, कॉम्प्युटर हाय. ती बराबर करून घील." ते हातावरचा हात काढून पुन्हा ठेवत म्हणाले, "माह्यानं व्हईना, म्हनून तर तुला हो म्हनलो ना बाई."

रेणुकाच्या हातात स्क्रू होता, तो तिनं जागी बसवला आणि आवळला, आणि आवळून झाल्यावरही आवळत राहिली. म्हणून ते इतक्या लगेच हो म्हणाले होते. तिनं दोन वर्षं त्या होकारात काय काय पाहिलं होतं. वीस वर्षांच्या तीस पावलांची भरपाई पाहिली होती. आणि ते बिचारे आपला बिघडलेला हात दुरुस्तीला टाकत होते, जसा एखादा पंप वाटूरच्या दुकानात टाकावा आणि परत येईल तो नीट होऊन येईल असं धरून चालावं. यंत्राला चूक कळत नाही, हे त्यांना कोण सांगणार होतं? ते तिलाही कळलं नव्हतं. आणि दोन वर्षं रोज संध्याकाळी ते ठाण्यात जाऊन बसले, आपलं अडखळणं तिन्हीसांजेला सगळ्यांसमोर ऐकलं, आणि घरी येऊन म्हणाले की पोरीनं झ्याक केलंय. तिला विचारायचं होतं की ऐकताना काय वाटायचं. त्याऐवजी तिनं त्यांना डोळे मिटायला सांगितलं. मी वेगवेगळे लावते, ती म्हणाली, जो तुमचा असंल त्याला हो म्हणा. घाई न्हाई. आबांनी डोळे मिटले.

तिनं शून्यावर सुरू केलं. हातोड्या पडल्या, सात, सात, सात. बाजारातल्या कुठल्याही यंत्रासारखं कोरडं, सपाट. "हाच," आबा म्हणाले. ती थांबली. नीट ऐका, म्हणाली, आणि नॉब दहावर नेला. ते ऐकत होते, ओठांच्या कडेला लाळ जमली होती ती पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. "हां. हाच व्हता." वीसवर नेला. "हाच." पस्तीसवर त्यांनी मान डोलावली आणि तिच्या छातीत काहीतरी उठून उभं राहिलं, पण पन्नासलाही त्यांनी तशीच मान डोलावली. त्रेसष्टला ते म्हणाले, हा तर आपलाच. ऐंशीला, जिथं पाचवा ठोका उघड उघड लंगडत होता, तिथंही हाच म्हणाले, जरा उशिरानं. ती पुन्हा उलटी खाली आली. कधी सांगून, कधी न सांगता, कधी एकच आकडा दोनदा. तिनं कॉलेजात शिकल्याप्रमाणे क्रम बदलला, उत्तरं तळहातावर पेनानं लिहिली. तळहातावर हो, हो, हो अशी रांग झाली. एकदा तिला वाटलं की त्यांना खरंच सगळे सारखे वाटताहेत. मग वाटलं की त्यांना फरक कळतोय, आणि कळतोय म्हणूनच ते प्रत्येकाला हो म्हणताहेत, पोरीचं एवढं घडवलेलं मोडायला नको म्हणून. दोन्ही वाटणं सारखीच खरी होती आणि दोन्हीत उत्तर नव्हतं. तिला स्वतःलाही आता फरक ऐकू येईनासा झाला. ओट्यावरचं लहानपण, पोटात येणारा तो पाचवा, तो आठवायला गेली की यंत्राचाच येत होता; दोन वर्षांत तो मागं जाऊन सगळ्या दिवाळ्यांत बसला होता. पत्रा कडकडला. तिनं नॉब पुन्हा फिरवला आणि बटण दाबलं.

हातोड्या हलल्या नाहीत. सोलेनॉइडकडे जाणारी तार तिच्या गुडघ्याला लागून निसटली होती आणि तांब्याचं टोक हवेत उघडं राहिलं होतं. ती तार हातात धरून, जरा थांबा आबा, असं म्हणायला तिनं वर बघितलं. आबा डोळे मिटून, कान पुढं करून बसले होते, मान हळूहळू डोलत होती, उजवा हात मांडीवर आपल्या वेगानं थरथरत होता. छपरात कसलाच आवाज नव्हता. लांब कुठंतरी मेंढरं होती.

"हाच," ते म्हणाले. "बराबर हाच हाय, बाई. आता बदलू नको."

रेणुकानं तार जोडली नाही. तिनं बटण बंद केलं आणि चौकटीवर पोतं टाकलं. ओढणीच्या टोकानं आबांच्या ओठांची कड पुसली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि विचारल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. आतून परातीचा आवाज थांबला आणि साखराबाईनं विचारलं, सापडला का गं?

सापडला, रेणुका म्हणाली.